दोऱ्याची मात्रा

ज्या मुलीचा मी सातवीत अर्धा गुण कापला होता, तिच्यापुढे एक दिवस आ वासून उताणं पडायची वेळ येईल, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी तो अर्धा गुण तेव्हाच देऊन टाकला असता. पण तेव्हा ती दोन वेण्यांची किरटी पोर होती आणि आता दातांची डॉक्टर आहे. मी खुर्चीत आडवा, ती उभी, हातात टोकदार काहीतरी. तिला 'अगं' म्हणावं की 'अहो' म्हणावं, हा भाषेचा प्रश्न मी मनात सोडवत होतो, तेवढ्यात तिनेच तोंडात आरसा घालून तो मिटवला.

"वरचा पुढचा उजवा दात हलतोय, सर," ती म्हणाली.

"आँ?"

"हिरड्या सुजल्यात. दोन दातांच्या मधे ब्रश पोचत नाही, तिथे घाण साठून राहिली आहे. आज मी साफ करून देते, पण पुढचं तुमच्या हातात. रोज फ्लॉस करायचं. एक दिवस चुकवायचं नाही. तीन महिन्यांनी बघू. हिरडीने धरलं तर ठीक, नाहीतर काढावा लागेल."

आता दात हलतो म्हणजे काही आभाळ कोसळत नाही, असं तुम्ही म्हणाल. तुमचं बरोबर आहे, कारण तुम्ही भाषा शिकवत नाही. त, थ, द, ध, न या पाच वर्णांना दंत्य म्हणतात. दंत्य! जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकलं की ते उमटतात. तीस वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आलो आणि आता माझाच फळा निखळायला आला होता. त्यातून त्याच वर्षी मला एक मान मिळाला होता. सगळ्या शाळांसाठी श्रुतलेखनाची एकच परीक्षा घ्यायची, त्यासाठी एकाच आवाजात उतारा ध्वनिमुद्रित करायचा, आणि तो आवाज माझा, असं ठरलं होतं. तीस वर्षांत माझ्याकडे कुणी काही मागितलं असेल तर सहलीची वर्गणी गोळा करून मागितली. पहिल्यांदा माझा आवाज मागितला. खरं सांगतो, मला तो उतारा वाचायचा होता. फार वाचायचा होता. ध्वनिमुद्रण तीन महिन्यांनीच होतं आणि राखीव वाचक म्हणून आमच्या पीटीच्या सरांचं नाव होतं. माणूस मनाने लाख चांगला, पण तो 'सावधान'चं 'साऽऽधान' करतो.

"फ्लॉस म्हणू नकोस," मी तोंड मोकळं झाल्यावर म्हणालो. "आपल्याकडे शब्द नाही का? दोरा म्हण."

"दोरा म्हणा, सर, दोरखंड म्हणा. पण करा." मग हातमोजे काढता काढता ती म्हणाली, "मोती आठवतो का हो?"

मला सगळं आठवलं. निबंधात तिने 'मौत्यासारखे दात' लिहिलं होतं. एका मात्रेच्या जागी दोन. मी अर्धा गुण कापला आणि त्या अर्ध्या गुणाने तिचा पहिला नंबर हुकला. ती रडली, तिची आई येऊन गेली, पण मी बधलो नाही. मात्रा म्हणजे मात्रा! औषधाची चुकली तर रोगी जातो, शब्दाची चुकली तर अर्थ जातो. हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा म्हटलंय की मुलं मला पाठीमागे 'मात्रासर' म्हणतात. मला ठाऊक आहे. मला आवडतंसुद्धा.

तिने मला एक डबी दिली आणि एक तक्ता दिला. तीन महिन्यांचे चौकोन. रोज केलं की बरोबरची खूण. "मी तपासणार आहे," असंही म्हणाली.

दात दोऱ्याने साफ करणं ही दिसायला सोपी आणि करायला अशक्य गोष्ट आहे. हातभर दोरा घ्यायचा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा, मधे जरासा ताणून धरायचा आणि दोन दातांच्या फटीत हळूच सरकवायचा. मग दाताला मिठी मारल्यासारखा वळवून वर-खाली करायचा. आता दोन्ही हात तोंडात गेल्यावर आरसा दिसत नाही. आरसा दिसावा म्हणून कोपर वर केलं तर ते साबणदाणीला लागतं. साबण उचलायला वाकलं तर दोरा दाढेत अडकलेलाच, त्यामुळे वाकताना स्वतःचीच मान स्वतःच ओढायची. पहिल्या दिवशी माझी दोन बोटं निळी पडली, हिरडीतून रक्त आलं आणि बाहेरून मुलगा दार वाजवत म्हणाला, "बाबा, आत राहायला गेलात का?"

"रक्त येतंय," मी ओरडलो.

"सुरुवातीला येतंच म्हणाली ना ती?" ही बायको. "हळू करा की जरा. दात आहेत, पायजम्याची नाडी नव्हे."

घरात न्हाणीघर एक, माणसं तीन. सकाळी माझी पाळी चार मिनिटांची. रात्री जेवलो की मला पेपर वाचता वाचता झोप लागते, हा आमच्या घराण्याचा गुण आहे. पहिल्या आठवड्यात तक्त्यावर दोन खुणा. त्यातली एक मी अंदाजाने केलेली.

ही बातमी आमच्या इमारतीत पसरायला बायकोला फक्त एक जिना चढावा लागला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त विमा एजंट म्हणाले, "दोरा कसला लावताय? मी सत्तर वर्षं जीभ फिरवतोय." त्यांचे किती दात उरलेत ते मी विचारलं नाही, कारण ते हसले तेव्हा दिसलं. वरच्या मजल्यावरचा शिंपी मात्र कामाचा माणूस. तिसऱ्या आठवड्यात माझी डबी संपली, कारण हातभर म्हणजे कुणाचा हात हे तिने सांगितलं नव्हतं आणि मी खांद्यापासून मोजत होतो. शिंप्याने डोळा मारून एक रीळ दिलं. "मास्तर, हा घ्या. पडदे शिवायचा आहे. माणूस तुटेल, दोरा तुटणार नाही."

शब्दशः खरं निघालं.

पण आधी अर्जाचं सांगतो. सकाळ गेली, रात्र गेली, उरली दुपार. शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर दोरा करायचा असं मी ठरवलं. हो, 'दोरा करायचा' हे मराठी अशुद्ध आहे, दोरा ओवतात, गुंडाळतात, करत नाहीत. पण आमच्या घरात 'ब्रश केला का', तसं 'दोरा केला का' रुळलं. सुट्टी वीस मिनिटांची, त्यात डबा, त्यात नळावर मुलांची रांग. म्हणून मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेलो आणि पुढच्या तासाची दहा मिनिटं मागितली.

"काहीच हरकत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "लेखी द्या."

मला लेखी द्यायची भीती नाही. शाळेचा अभ्यासदौरा दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो, त्याचे अर्ज मीच लिहितो, ते नमुना म्हणून भिंतीवर लावावेत असे असतात. तिथल्या तिथे कागद घेतला आणि एका दमात लिहिलं, "दुपारच्या भोजनानंतर दररोज दोरा करणे प्रकृतीच्या दृष्टीने आवश्यक असल्याने दहा मिनिटांची परवानगी मिळावी." सही ठोकली. हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवला. त्याने चष्मा वर करून अर्ज वाचला, चष्मा खाली करून पुन्हा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

चार दिवसांनी उत्तर आलं. टंकलिखित. "आपल्या दौऱ्याचा तपशील विहित नमुन्यात सादर करावा. दौरा कोठून, कोठपर्यंत, कोणत्या वाहनाने, सोबत कोण."

दौऱ्याचा! माझ्या टाळूला आग लागली. भाषेच्या शिक्षकाला पाठवलेल्या पत्रात एका मात्रेच्या जागी दोन! मी शिक्षकखोलीत ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. "ही आपल्या कचेरीची लायकी," मी म्हणालो. "ज्याला दोरा आणि दौरा कळत नाही तो शाळेचे दाखले लिहितो." पीटीचे सर म्हणाले, "जाऊ द्या हो सर, एक रेघ इकडेतिकडे." एक रेघ! त्याच क्षणी मला कळलं की या माणसाच्या हाती श्रुतलेखन जाता कामा नये.

मी कचेरीत गेलो. "अहो, दौरा नव्हे. दोरा. दो-रा!"

हेडक्लार्क उठून उभा राहिला. हा माणूस मी गेलो की नेहमी उभा राहतो. "सर, अर्जात आहे तसंच घेतलंय."

"अर्ज कुणी लिहिलाय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे ना, सर. म्हणूनच."

याच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी त्याचा नमुना घेतला आणि रागाच्या भरात भरून दिला. कोठून: उजव्या दाढेपासून. कोठपर्यंत: डाव्या दाढेपर्यंत. वाहन: बोटे. सोबत: आरसा. वाटलं, आता तरी शरमेल. तिसऱ्या दिवशी उत्तर, "'उजवी दाढ' हे ठिकाण मंजूर यादीत आढळत नाही. तथापि प्रकृतीचे कारण लक्षात घेता दौरा विशेष बाब म्हणून मंजूर."

मंजूर झालं ना, मग मरू दे, असं म्हणून मी कामाला लागलो. इथे माझं चुकलं. दुसऱ्या दिवसापासून मस्टरवर माझ्या नावापुढे दुपारच्या रकान्यात 'दौऱ्यावर' लागायला लागलं. दौऱ्यावरच्या शिक्षकाच्या तासाला बदली शिक्षक जातो, म्हणून मी दोरा करून वर्गात पोचेपर्यंत तिथे पीटीचे सर मुलांना कवायत शिकवत असायचे. त्यांना बाहेर काढण्यात आणखी दहा मिनिटं.

आणि त्याच सुमारास शिंप्याचं रीळ. दुपारी नळापाशी पुढच्या त्या हलत्या दाताशेजारी दोरा घातला, तो गेला आणि बसला. ना पुढे, ना मागे. पडद्याचा दोरा तो! ओढावं तर दात हलतो. तोडावा तर तुटत नाही. घंटा झाली. मी दोन्ही टोकं तोंडात कोंबली, ओठ मिटले आणि ताठ मानेने वर्गात गेलो. पण शिकवायला तोंड उघडावं लागतं. मी 'मुलांनो' म्हणालो आणि पहिल्या बाकावरची मुलगी अतिशय काळजीच्या सुरात म्हणाली, "सर, तुम्ही उसवताय."

अडतीस मुलं हसली. पीटीचे सर दारातच होते. "काय झालं? बघू. अहो, एका झटक्यात काढतो, डोळे मिटा."

"हात लावू नका!" मी फळ्याला पाठ लावून ओरडलो. तो माणूस मदतच करत होता, आज मला कळतं. तेव्हा मात्र मला तो राखीव वाचक दिसला आणि त्याच्या मुठीत माझा दात दिसला. शेवटी कलाशिक्षिकेची बारीक कात्री मागवली, टोकं कापली आणि उरलेला धागा संध्याकाळी त्या डॉक्टरीणबाईने काढला. काढून झाल्यावर म्हणाली, "सर, शिंप्याकडे पायजमा शिवतात." मग माझा हात धरून पुन्हा शिकवलं. मधल्या बोटापासून कोपरापर्यंतच दोरा घ्यायचा. करवतीसारखं हळू हळू आत न्यायचं, खट्कन दाबायचं नाही. प्रत्येक फटीला दोऱ्याचा नवा भाग. मी पोरासारखा मान हलवत होतो.

त्या दिवसापासून मी एकही दिवस चुकवला नाही, हे नोंदवून ठेवा. पंधरा दिवसांत रक्त थांबलं. दुसऱ्या महिन्यात बोटं आपोआप फिरू लागली. दोरा राहिला की तोंडात कसंनुसं व्हायला लागलं. बायको म्हणाली, "घरातल्या दुसऱ्या कुठल्या कामाला अशी बोटं फिरली असती तर!" मी तिकडे दुर्लक्ष केलं.

सगळं सुरळीत होतंय म्हणेपर्यंत तिसऱ्या महिन्यात श्रुतलेखन परीक्षेच्या कचेरीतून पत्र आलं. "आपण सातत्याने दौऱ्यावर असल्याचे शाळेने पाठवलेल्या मस्टरवरून दिसून येते. सबब उताऱ्याचे वाचन राखीव वाचकांकडे सोपवण्यात येत आहे."

मी ते पत्र नळापाशी वाचलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. दात वाचवला तो कशासाठी? मग मी जो कचेरीत घुसलो तो हेडक्लार्कला नाही नाही ते बोललो. "तुमच्या एका मात्रेने माझं वाटोळं केलं! उभ्या जन्मात शुद्धलेखनाची वही उघडली असती तर ही वेळ आली नसती!"

तो उभाच होता. कान लाल झाले होते. खालच्या आवाजात म्हणाला, "सर, आपण दौऱ्यावर नव्हता असं डॉक्टरांचं पत्र आणा. मी लगेच वर कळवतो. सोबत त्यांच्या अवलोकनार्थ आपल्या अर्जाची प्रत देतो." आणि एक बंद पाकीट हातात दिलं.

ध्वनिमुद्रणाला तीन दिवस उरले होते. दाताच्या तपासणीची तारीख नेमकी त्याच दिवशीची होती.

ती खुर्ची, तो दिवा, तो आरसा. तिने तो दात दोन बोटांत धरला. मी डोळे मिटले. तिने मागेपुढे करून पाहिलं, हिरडीवर टोक टेकवलं, तक्ता पाहिला.

"हलत नाही," ती म्हणाली. "हिरडीने छान धरलंय. शाब्बास, सर."

तीस वर्षं शाब्बास वाटत फिरलेल्या माणसाला शाब्बास ऐकताना काय होतं, ते मी सांगणार नाही. मी उठून बसलो आणि एका दमात तिला त्या हेडक्लार्कची सगळी कहाणी ऐकवली. मात्रा, मस्टर, दाढ, दौरा, सगळं. ती हसू दाबत पाकीट फोडून माझा अर्ज वाचत होती. वाचता वाचता तिचं हसू थांबलं. तिने टेबलावरचं लाल पेन उचललं, कागदावर एक लहानसा गोल काढला आणि अर्ज माझ्यापुढे धरला.

माझं अक्षर. माझी सही. आणि मधोमध, ठसठशीत, वळणदार, नमुना म्हणून भिंतीवर लावावं असं: दौरा.

वर्षानुवर्षं अभ्यासदौऱ्याचे अर्ज लिहून लिहून हाताला वळण पडलं होतं. मी दोरा म्हणालो, हाताने दौरा लिहिलं. साधं फ्लॉस लिहिलं असतं तर हाताला संधीच मिळाली नसती.

"दहापैकी साडेनऊ, सर," ती हळूच म्हणाली. "मात्रेला अर्धा. तुम्हीच शिकवलंय."

तिने पत्र लिहून दिलं. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा मी म्हणालो, "मोती... तेव्हा अर्धा गुण द्यायला हरकत नव्हती गं."

"नाही, सर. चूकच होती," ती म्हणाली. "फक्त एकदा जवळ बोलावून दाखवायला हवी होती."

कचेरीचा जिना दुसऱ्या दिवशी मला फार उंच वाटला. मला पाहून हेडक्लार्क नेहमीप्रमाणे उभा राहिला. "बसा हो," मी म्हणालो. "चूक माझी होती. तीन महिने तुम्हाला वाट्टेल ते बोललो. तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

त्याने चष्मा काढून पुसला. "सर, दोनदा वाचला मी अर्ज. चूक वाटली. पण आपण मात्रासर. मी मनात म्हटलं, आपल्या मात्रेला चूक म्हणणारा मी कोण? जसं लिहिलंय तसं मंजूर केलं."

मी डॉक्टरीणबाईचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने मूळ अर्ज फायलीतून काढून पुढे केला. "ती मात्रा खोडा, सर. खोडल्यावर शेजारी सही लागते." मी खोडली. सही केली. त्याने तिथल्या तिथे श्रुतलेखनाच्या कचेरीला फोन लावला, डॉक्टरीणबाईचं पत्र वाचून दाखवलं आणि राखीव वाचकाचा आदेश रद्द करून घेतला. मग मस्टर ओढलं आणि माझ्या नावापुढे तीन महिन्यांनी 'हजर' लिहिलं. पीटीचे सर दारातून डोकावले, म्हणाले, "सुटलो बुवा! मला ती जोडाक्षरं वाचून घाम फुटला होता."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी खिशातली डबी काढून नळाकडे निघालो.

"सर," हेडक्लार्क मागून म्हणाला, "परवानगी दौऱ्याची होती. तो आता रद्द झाला. दोऱ्याला नवा अर्ज लागेल." आणि त्याने कोरा कागद पुढे सरकवला.

मी खाली बसलो. एकेक अक्षर लावून सावकाश लिहिलं. सही केली नाही. कागद फिरवून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "जरा बघता का हो, मात्रा बरोबर पडली आहे ना?"